ओनेचे संत पीटर चर्च

फ्रान्सच्या पश्चिमेकडील शारान्त-मारितीम जिल्ह्यात, ओने या लहानशा गावाच्या वेशीबाहेर दफनभूमीत उभे असलेले बाराव्या शतकातील चर्च. रोमनेस्क, म्हणजे गॉथिकच्या आधीच्या गोल कमानी व जाड भिंतींच्या शैलीतील शिल्पकाम पाहायचे तर फ्रान्समधील मोठमोठ्या कॅथेड्रलांइतकेच हे खेड्यातले चर्च महत्त्वाचे आहे. प्वातिए ते सँत हा जुना रोमन रस्ता याच परिसरातून जात असे. पुढे स्पेनमधील सान्तियागो दे कोम्पोस्तेला येथे संत जेम्सच्या समाधीकडे निघालेले यात्रेकरू याच वाटेने चालू लागले. आडगावात एवढे भव्य काम कसे झाले, याचे बरेचसे उत्तर या वाटेत आहे.

बांधकाम साधारण ११२० ते ११४० या काळातले. तेव्हा हा प्रदेश आकितेनच्या ड्यूकांच्या ताब्यात होता. इमारतीची मांडणी क्रुसाच्या आकाराची आहे: मधले लांब दालन, त्याच्या दोन्ही बाजूंना अरुंद दालने, दोन आडवे बाहू आणि पूर्वेला वेदीमागचा अर्धवर्तुळाकार भाग. मधल्या दालनाचे छत दगडी, लांबच लांब कमानीसारखे सलग, माथ्याशी किंचित टोकदार. असे छत आपल्या वजनाने भिंतींना बाहेर रेटते. तो रेटा पेलण्यासाठी बाजूची दालने जवळजवळ तेवढीच उंच बांधली आहेत. त्यामुळे मधल्या भिंतीत वर खिडक्यांना जागाच उरली नाही. उजेड येतो तो बाजूच्या दालनांतून, खांबांच्या आडून, आणि छत कायम सावलीत राहते.

चर्चचे खरे वैभव त्याच्या दारांवर आहे. पश्चिमेच्या मुख्य दारावरील कमानींत ढालधारी सद्गुण दुर्गुणांना पायाखाली तुडवतात. बायबलमधल्या दृष्टांतातील शहाण्या कुमारिकांचे दिवे उभे आहेत, मूर्ख कुमारिकांचे उलटे. सर्वांत बाहेरच्या कमानीत बारा राशी आणि त्या त्या महिन्यातली शेतीची कामे कोरली आहेत. दाराच्या डाव्या बाजूच्या कमानीत येशूचा शिष्य संत पीटर याला उलटे क्रुसावर चढवतानाचा प्रसंग आहे.

दक्षिणेचे दार मात्र वेळ काढून पाहावे. त्यावर एकाबाहेर एक अशा चार कमानी आहेत. कमान पाचरीसारख्या दगडांची असते. इथे जवळपास प्रत्येक दगडावर एक आकृती, आणि ती कमानीच्या वळणाने न जाता केंद्राकडून बाहेर, चाकाच्या आऱ्यांसारखी उभी. तिसऱ्या कमानीत मुकुट घातलेले, हातात वाद्ये आणि कुप्या घेतलेले वृद्ध बसले आहेत. बायबलच्या प्रकटीकरण ग्रंथात हे वृद्ध २४ आहेत, इथे ३१ भरतात. कमानीला जेवढे दगड लागले तेवढे वृद्ध झाले असावेत. ही चूक वाटत नाही. एका आकृतीला एक दगड हा नियम कारागिरांनी शेवटपर्यंत पाळला, असेच ती ओळ पाहताना जाणवते. सर्वांत बाहेरच्या कमानीत चित्रविचित्र प्राण्यांची मिरवणूक आहे. त्यात तंतुवाद्य वाजवणारे एक गाढवही आहे. इथला चुनखडीचा दगड मऊ आणि बारीक पोताचा असल्याने इतके नाजूक काम त्यात साधले.

पंधराव्या शतकात दर्शनी भिंतीला जाड आधारखांब जोडले गेले. दफनभूमीतला उंच क्रूसही त्याच शतकातला. पाम संडेला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, गावकरी मिरवणुकीने त्याच्यापाशी जमत आणि 'होसान्ना' हा स्तुतिघोष म्हणत, म्हणून त्याला होसान्ना क्रूस म्हणतात. फ्रान्सने १८४० साली जाहीर केलेल्या ऐतिहासिक वास्तूंच्या पहिल्या यादीत या चर्चचे नाव होते. १९९८ साली सान्तियागोच्या फ्रान्समधील यात्रामार्गांचा भाग म्हणून युनेस्कोने ते जागतिक वारसा यादीत घेतले.

आत दक्षिणेकडील बाहूत एका स्तंभशीर्षावर हत्ती कोरलेले आहेत. भारतीय पाहुण्याची नजर इथे अडखळतेच, कारण हा हत्ती डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाच्या हातचा दिसत नाही. हस्तलिखितातले चित्र किंवा पूर्वेकडून आलेल्या कापडावरची नक्षी, एवढाच आधार शिल्पकाराला असावा. बघणाऱ्या शेतकऱ्याला तर तोही नव्हता. म्हणून हत्तींच्या वर लॅटिनमध्ये अक्षरे खोदली आहेत: 'ही सुंत एलेफान्तेस', म्हणजे 'हे हत्ती आहेत'.