क्वेरी फास्ट झाली की वेगळीच झाली?

डेटाबेसकडे माहिती मागायची भाषा म्हणजे एसक्यूएल, आणि तिच्यातली मागणी म्हणजे क्वेरी. दोन टेबलं जोडताना फ्रॉममध्ये (टेबलांची नावं लिहायची जागा) स्वल्पविराम देऊन ती लिहायची आणि जोडणीची अट व्हेअरमध्ये (ओळी गाळायची जागा) टाकायची, की जॉइन लिहून अट त्याच्याच ऑनमध्ये द्यायची, यावर अजून वाद रंगतात. इनर जॉइन, म्हणजे दोन्हीकडे जुळणाऱ्याच ओळी ठेवणारी जोडणी, असेल तर वेगात फरक नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये दोन्ही लिहून एक्सप्लेन चालवा (क्वेरी कशी चालणार ते दाखवणारी आज्ञा), प्लॅन तोच येतो. आठापेक्षा जास्त टेबलं असली तरच लिहिलेला क्रम आडवा येऊ लागतो. स्वल्पविराम मला बघवत नाही हे खरं, पण त्याचं कारण वेगळं आहे. जोडणीची अट विसरली तरी क्वेरी गपचूप चालते, प्रत्येक सभासदाला प्रत्येक पावती चिकटते, आणि सोसायटीचे 120 सभासद गुणिले 1,100 पावत्या म्हणजे 1,32,000 ओळी पदरात पडतात.

खरा घोळ लेफ्ट जॉइनमध्ये, म्हणजे जुळो न जुळो, डाव्या टेबलाची प्रत्येक ओळ ठेवणाऱ्या जोडणीत होतो. सोसायटीत 120 सभासद, मार्चचा मेंटेनन्स 90 जणांनी भरलाय. सभासद लेफ्ट जॉइन पावत्या, आणि 'महिना मार्च' ही अट ऑनमध्ये: 120 ओळी येतात, त्यातल्या 30 जणांच्या पावतीच्या जागी नल, म्हणजे रिकामी नोंद. तीच अट व्हेअरमध्ये नेली की 90 ओळी. नलची मार्चशी तुलना केली तर उत्तर खरंही नाही, खोटंही नाही. व्हेअर फक्त 'खरं' तेवढंच पुढे सोडतो. थकबाकीदार गायब, आणि यादी काढली होती त्यांच्यासाठीच!

वर क्वेरी खरोखर पळायलाही लागते. नल असलेल्या ओळी शेवटी गळणारच हे प्लॅनरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा डेटाबेसचा भाग) कळतं, म्हणून तो लेफ्ट जॉइनचा सरळ इनर जॉइन करून टाकतो. मग महिन्याच्या इंडेक्सवरून (पटकन शोधायची सूची) थेट पावत्यांपासून सुरुवात करायला तो मोकळा. आणि आमच्याकडे रिव्ह्यूला येतं: 'क्वेरी ऑप्टिमाइझ केली'. अहो, ओळी मोजल्यात का आधी?

उलटी चूकही तितकीच होते. 'फक्त बी विंग' ही डाव्या टेबलावरची अट. ती ऑनमध्ये टाकली तर एकही सभासद गळत नाही. बाकी विंगवाले पावतीविना दिसतात आणि सभासदांचं टेबल सगळंच्या सगळं वाचावं लागतं. तिची जागा व्हेअरमध्ये.

थकबाकीदारच हवे असतील तर मार्च ऑनमध्ये ठेवा आणि 'पावती क्रमांक इज नल' व्हेअरमध्ये. हे इज नलसुद्धा ऑनमध्ये कोंबलंत, तर कुठलीच पावती जुळणार नाही आणि 120 च्या 120 जण थकबाकीदार निघतील, सोसायटीच्या चेअरमनसकट.