आरोपापासून आधारगटापर्यंत: स्किझोफ्रेनिया आणि घरची माणसं

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी चालणारे स्वमदत गट आता महाराष्ट्रात ओळखीचे झाले आहेत. पुण्याच्या गटांत रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणण्याचा प्रघातही रुळला आहे. असे गट डॉक्टरांनी काढले असावेत, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ठिकठिकाणी ते काढले आईबापांनी, नवराबायकोंनी, भावाबहिणींनी. आणि त्याआधी त्यांतल्या कित्येकांना एक आरोप अंगावरून झटकावा लागला होता: हा आजार तुमच्याच घरानं दिला.

तो आरोप शेजारपाजारच्या कुजबुजीतून आला नव्हता, मानसोपचाराच्या ग्रंथांतून आला होता. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी १९४८ साली ‘स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई’ अशी कल्पना मांडली. थंड, नाकारणारी, मुलावर ताबा ठेवणारी आई. १९५६ साली ग्रेगरी बेटसन आणि सहकाऱ्यांनी त्यात भर घातली. आई तोंडानं एक बोलते, देहबोलीतून उलटंच सांगते, आणि या कचाट्यात मुलाचं मन फुटतं, असा त्यांचा सिद्धान्त होता. ऑटिझमच्या बाबतीतही हेच झालं. ब्रूनो बेटलहाइम यांनी आईबापांच्या कोरडेपणाला दोष देणारी मांडणी लोकप्रिय केली. आपल्याकडे हे ग्रंथ फारसे कुणी वाचले नव्हते, पण दोष द्यायला ग्रंथ कुठे लागतात? आईनं लाडावून ठेवलाय, बाहेरचं काहीतरी लागलंय, लग्न करून द्या म्हणजे ताळ्यावर येईल, हे सगळं ऐकलेली घरं गावोगाव आहेत. या दोषारोपाचा व्यावहारिक तोटा मोठा असतो. ज्याला आरोपी ठरवलंय तो माहिती दडवतो. मुलगा तीन महिने रात्री झोपत नव्हता, जेवणात विष घातलंय म्हणून ताट सरकवत होता, हे डॉक्टरांना पहिल्या भेटीत कळायला हवं. ते कळतं तिसऱ्या-चौथ्या भेटीत.

पुराव्याच्या पातळीवर आरोप ढासळला १९६६ साली. लेनर्ड हेस्टन यांनी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातली अशी ४७ माणसं शोधली, ज्यांच्या आयांना स्किझोफ्रेनिया होता आणि जन्मानंतर तीन दिवसांच्या आत ज्यांना आईपासून वेगळं केलं होतं. त्यांच्या जोडीला, तशाच पद्धतीनं वाढलेली पण आईला हा आजार नसलेली ५० माणसं घेतली. पहिल्या गटात ५ जणांना स्किझोफ्रेनिया झाला, दुसऱ्या गटात एकालाही नाही. ज्या आईनं वाढवलंच नाही, तिच्या वागण्यानं आजार कसा होईल? त्याचबरोबर ४७ पैकी ४२ जणांना तो झाला नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. ‘आईला आहे म्हणजे पोराला होणारच’ या धास्तीला ते उत्तर आहे.

तोवर लंडनमध्ये वेगळीच चौकशी चालू होती. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांवर वापरलं गेलं आणि वर्षानुवर्षं दवाखान्यात असलेली माणसं घरी जाऊ लागली. त्यांतली काही टिकत, काही थोड्याच महिन्यांत परत येत. समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांनी १९५८ साली जे पाहिलं, ते कुणाच्याच अपेक्षेत नव्हतं. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे गेलेल्या पुरुषांपेक्षा भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहिलेले पुरुष बरे राहत होते. यातून घरातल्या भावनिक तापमानाची मोजणी सुरू झाली. घरच्या माणसाची मुलाखत ध्वनिमुद्रित करायची आणि तीत पाच गोष्टी टिपायच्या: टीका, वैरभाव, भावनिक अतिगुंतवणूक, जिव्हाळा आणि कौतुकाचे शब्द. टीका मोजताना शब्दांइतकाच आवाजाचा सूर धरतात. ‘तो दहाला उठतो’ ही माहिती झाली. तेच वाक्य दात ओठ खाऊन म्हटलं की टीका.

१९७६ साली क्रिस्टीन व्हॉन आणि ज्युलियन लेफ यांनी आपल्या आणि आधीच्या अभ्यासांतल्या मिळून १२८ रुग्णांची आकडेवारी मांडली. दवाखान्यातून सुटल्यावर नऊ महिन्यांत, तापलेल्या घरांत, म्हणजे जिथं टीका, वैरभाव किंवा अतिगुंतवणूक जास्त होती तिथं, ५१ टक्के रुग्णांचा आजार उलटला (पुन्हा उफाळला), शांत घरांत १३ टक्के. आतले तपशील जास्त बोलके आहेत. तापलेलं घर, आठवड्यात ३५ तासांहून अधिक समोरासमोर सहवास आणि औषध बंद असेल, तर ९२ टक्के. तेच घर, पण सहवास ३५ तासांच्या आत आणि गोळ्या चालू, तर १५ टक्के. म्हणजे स्वभाव एका रात्रीत बदलत नसला, तरी हाताशी दोन खुंट्या आहेत: गोळी चुकू न देणं आणि दोघांनी दिवसातले काही तास एकमेकांपासून लांब काढणं. रुग्णासाठी दिवसाचं केंद्र, आईसाठी भजनी मंडळ किंवा अर्धवेळ नोकरी यांकडे चैन म्हणून पाहू नये. तो उपचाराचाच भाग आहे.

या संशोधनाचाही गैरसमज झालाच. ‘घरचे टीका करतात म्हणून आजार उलटतो’ अशा भाषेत ते सांगितलं गेलं आणि नव्यानं दोष लागला. खरं तर टीका सहसा अज्ञानातून येते. भीती वाटणं, आवाज ऐकू येणं हा आजार, हे घरच्यांना पटतं. पण आंघोळ न करणं, तासन्‌तास पडून राहणं, कशातच रस नसणं हीसुद्धा त्याच आजाराची लक्षणं आहेत, हे पटत नाही. त्याला आळस समजतात. घरातली बोलणी सगळ्यांत जास्त या एका गैरसमजातून होतात, म्हणून गटात पहिलं शिकवायचं ते हेच.

त्याच लंडनच्या संशोधनात जॉन विंग होते. त्यांच्या पत्नी लॉर्ना विंग याही मानसोपचारतज्ज्ञ, आणि त्यांच्या मुलीला ऑटिझम होता. पालकांना दोषी धरणारी मांडणी जोरात असताना त्यांनी इतर पालकांसोबत १९६२ साली लंडनमध्ये ऑटिझमसाठी संस्था उभी केली. पुढे १९७९ साली ज्युडिथ गूल्ड यांच्यासह कॅम्बरवेल भागातल्या मुलांची पाहणी करून, ऑटिझम हा एकाच साच्याचा नसून त्याचा विस्तार मोठा आहे, हे दाखवलं. घरातला अनुभव आणि शास्त्राची शिस्त एकाच माणसात आली की काय होतं, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही. अमेरिकेत नौदलातले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी मुलाच्या निदानानंतर सगळं उपलब्ध साहित्य उपसलं आणि १९६४ साली पालकदोषाचा सिद्धान्त खोडून काढला.

स्किझोफ्रेनियाच्या संघटना यानंतर उभ्या राहिल्या. १९७० साली जॉन प्रिंगल या वडिलांनी ‘द टाइम्स’मध्ये मुलाच्या आजाराबद्दल लिहिलं. त्याला आलेल्या प्रतिसादातून १९७२ साली ब्रिटनमधली स्किझोफ्रेनिया कुटुंबांची संघटना झाली. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या हॅरिएट शेटलर आणि बेव्हर्ली यंग या दोन आयांनी सुरू केलेल्या स्थानिक गटातून १९७९ साली देशव्यापी संघटना निघाली. व्यसनाच्या क्षेत्रात ही वाट आधीच पडली होती. मद्यपींच्या बायकांनी १९५१ साली अल-अ‍ॅनॉन काढलं. ‘हे मी घडवलं नाही, माझ्या ताब्यात नाही, मी बरं करू शकत नाही’ ही त्यांची तीन वाक्यं आजही तिथं ऐकू येतात. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रानंही रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट चालवला.

भारतात गोष्ट थोडी उलटी घडली. इथं कुटुंबाला दवाखान्याबाहेर ठेवणं परवडणारंच नव्हतं. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना सोबत राहू दिलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनंही १९५७ पासून कुटुंबाला उपचारात घेतलं. मनुष्यबळ कमी होतं हे कारण खरंच, पण त्यातून घरच्यांना आजार जवळून बघायला मिळाला आणि घरी गेल्यावर काय करायचं हे कळलं. पुढे चंदीगडमधल्या अभ्यासात तापलेल्या घरांचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांश निघालं, लंडनमधल्या प्रमाणापेक्षा बरंच कमी. यावरून ‘आपली एकत्र कुटुंबपद्धती थोर’ असा निष्कर्ष काढायची घाई नको. तीन खोल्यांत आठ माणसं असताना ताण वाटला जायचा. आज वन रूम किचनमध्ये पासष्टीचे आईवडील आणि पस्तिशीचा मुलगा असे तिघंच असतात.

महाराष्ट्रातल्या चळवळीवर ठसा आहे तो डॉ. जगन्नाथ वाणी यांचा. धुळे जिल्ह्यातले वाणी कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. परदेशात कुटुंबांना मिळणारा आधार त्यांनी पाहिला होता, इथली उणीवही ठाऊक होती. १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू झाली. लोक व्याख्यानाला येत नाहीत पण सिनेमाला येतात, हे ओळखून त्यांनी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ सालच्या ‘देवराई’ला बळ दिलं. त्यात रुग्णाला सांभाळते ती लग्न झालेली बहीण. तिची ओढाताण पडद्यावर आली आणि शुभंकर म्हणजे फक्त आई, हे चित्र थोडं बदललं.

गट चालवण्याची रीत या इतिहासातूनच घडली आहे. अमेरिकेतल्या विल्यम मॅकफार्लेन यांच्या बहुकुटुंब गटाचा आराखडा अजूनही उपयोगी आहे. पाच-सहा कुटुंबं, दर पंधरा दिवसांनी दीड तास. पहिली १५ मिनिटं नुसत्या गप्पा, आजाराचं नावही नाही. मग २० मिनिटं प्रत्येकानं मधल्या काळात काय झालं ते सांगायचं. ५ मिनिटांत त्यांतला एकच प्रश्न निवडायचा. ४५ मिनिटं त्या प्रश्नावर: तो नेमक्या शब्दांत लिहायचा, सुचतील ते उपाय फळ्यावर उतरवायचे, प्रत्येकाचे फायदेतोटे बोलायचे, एक निवडायचा, कोण कधी काय करणार ते ठरवायचं. शेवटची ५ मिनिटं पुन्हा गप्पा. ‘मुलगा ऐकत नाही’ हा प्रश्न होत नाही. ‘रात्रीची गोळी जिभेखाली धरून बेसिनमध्ये थुंकतो’ हा होतो. मग उपाय सुचतात: तोंडात विरघळणाऱ्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारणं, दोन ते चार आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनचा पर्याय, किंवा गोळीमुळे होणारी हातांची थरथर आणि वाढतं वजन यांबद्दल त्याच्याशी आधी बोलणं. थुंकण्याचं कारण बहुधा तिथंच सापडतं.

गट बिघडतो त्याच्याही ठरलेल्या वाटा आहेत. एकच माणूस पाऊण तास बोलतो आणि नवीन आलेलं जोडपं पुढच्या वेळी येत नाही. म्हणून प्रत्येकाला तीन-चार मिनिटं आणि घड्याळ बघणारा वेगळा माणूस हवा. कुणी आपल्या मुलाच्या गोळीचं नाव आणि डोस सांगतो, दुसरा तोच सुरू करून बघतो. औषधाच्या अनुभवावर बोलावं, डोसवर नाही. कुणी जेवणात गोळी मिसळायचा सल्ला देतो. ते उघडकीस आलं की जेवणात विष असल्याचा रुग्णाचा संशय खरा ठरतो आणि अन्नावरचा विश्वासच उडतो. शुभार्थी आणि शुभंकर यांची बैठक सुरुवातीला वेगळी ठेवलेली बरी, कारण समोर मुलगा बसला असताना आई ‘कधीकधी तो नसता तर’ हे वाक्य उच्चारत नाही, आणि ते उच्चारायलाच ती आलेली असते.

आजार उलटण्याच्या खुणांची यादी हे गटाचं सगळ्यांत उपयोगी काम. त्या माणसागणिक वेगळ्या, पण एकाच माणसात पुष्कळदा त्याच क्रमानं येतात: झोप तीन-चार तासांवर येणं, फोन बंद ठेवणं, पडदे ओढणं, एकट्यानं हसणं. मागच्या दोन वेळी आधी काय दिसलं होतं ते घरच्यांनी कागदावर लिहून फ्रिजवर नाही, फायलीत ठेवावं. इथं एक फसगत होते. औषध बंद केल्यावर त्रास लगेच होत नाही, काही आठवडे किंवा महिने बरे जातात. ‘गोळ्या सोडल्या तरी ठीक आहे’ असं सगळ्यांना वाटतं, आणि मग झटका आला की कारण म्हणून कालचं भांडण आठवतं.

घरच्या दुखण्यातून कामाचा ध्यास घेणारी माणसं या क्षेत्राचा कणा आहेत, पण घाई बाधते. पहिल्या झटक्याला वर्षही झालेलं नसताना कुणाला गट चालवायला देऊ नये. तो दुसऱ्याच्या घरात आपलंच घर बघतो आणि आपल्याला लागू पडलेला उपाय सगळ्यांवर लादतो. चालवणारे दोघं असावेत, म्हणजे एकाच्या घरी प्रसंग आला तरी बैठक मोडत नाही. आणि दुःखाचं समाजकार्य करायचं नसेल, नुसतं महिन्यातून एकदा येऊन ऐकायचं असेल, तर तेही पुरेसं मानावं.

सध्या बैठकीत सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘आमच्यानंतर काय?’ १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता आहेत, मानसिक आजार नाही. त्यामुळे त्या कायद्याखालचं पालकत्व आणि ‘निरामय’ विमा दोन्ही इथं लागू होत नाहीत, आणि अर्ज भरून झाल्यावर हे कळणारी कुटुंबं बरीच आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मात्र मानसिक आजार आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर सवलती सुरू होतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, रुग्णाला बरं असताना स्वतःचा प्रतिनिधी लेखी नेमता येतो. वडील किंवा आई सरकारी निवृत्तिवेतनधारक असतील, तर मनोविकारामुळे कमाई करू न शकणाऱ्या अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद आहे. त्याची नोंद आईवडिलांनी हयातीतच कार्यालयात करून घ्यावी, कारण नंतर प्रमाणपत्रं गोळा करत फिरायची पाळी भावाबहिणींवर येते. त्या भावंडांना गटात बोलवायचं ते याचसाठी, आणि ते चाळिशीचे व्हायची वाट न पाहता.