त्वचेवाटे औषधप्रवेश : संयुक्त भौतिक पद्धती

नेहमीची इंजेक्शनची सुई न वापरता त्वचेतून औषध आत पोहोचवण्यासाठी दोन किंवा अधिक भौतिक तंत्रे एकत्र वापरणे, म्हणजे संयुक्त औषधप्रवेश. ही तंत्रे एकामागोमाग वापरतात किंवा एकाच वेळी.

अडसर असतो त्वचेच्या सर्वांत वरच्या शृंगी थराचा. त्याची जाडी जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर. मृत पेशींच्या विटा आणि मध्ये स्निग्ध द्रव्यांचा गिलावा, अशी त्याची बांधणी आहे. त्यातून आपोआप झिरपणारे औषध लहान रेणूचे (साधारण 500 डाल्टनपेक्षा कमी; डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक), काहीसे स्निग्धप्रेमी (स्निग्ध द्रव्यांत विरघळणारे) आणि थोड्या मात्रेत पुरणारे असावे लागते. प्रवासात मळमळू नये म्हणून कानामागे लावायच्या स्कोपोलामीनच्या पट्टीला अमेरिकेत 1979 मध्ये मंजुरी मिळाली. पुढे पट्टीच्या रूपात आलेले निकोटीन आणि फेंटॅनिल (तीव्र वेदनाशामक) याच साच्यातले. सुमारे 5,800 डाल्टनचे इन्सुलिन मात्र बाहेरच थांबते.

या थरावर मात करण्याच्या तंत्रांचे दोन गट पडतात. सोनोफोरेसिस (कमी वारंवारतेचा अल्ट्रासाउंड), इलेक्ट्रोपोरेशन (क्षणभराचा उच्च व्होल्टचा झटका), सूक्ष्मसुया आणि लेझर ही तंत्रे वाट पाडतात. आयंटोफोरेसिस सौम्य विद्युतप्रवाहाने औषधाला ढकलते. तळहातांना अति घाम येणाऱ्यांना साध्या पाण्यात हात बुडवून देतात तो उपचार याच तंत्राचा. खरा फायदा होतो तो एकाने वाट पाडायची आणि दुसऱ्याने ढकलायचे अशी कामाची वाटणी झाली की. वाट पाडणारी दोन तंत्रे जोडून त्वचेची इजाच वाढण्याचा धोका अधिक.

याचे बोलके उदाहरण हेपारिनचे. रक्त गोठू न देणारे हे औषध मोठ्या रेणूचे आणि ऋणभारित असते. समीर मित्रगोत्री यांनी सहकाऱ्यांसह 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात डुकराच्या त्वचेतून जाणारे हेपारिन नुसत्या अल्ट्रासाउंडने सुमारे 3 पट आणि नुसत्या विद्युतप्रवाहाने 15 पट वाढले. आधी अल्ट्रासाउंड आणि मग प्रवाह दिल्यावर ही वाढ सुमारे 56 पट झाली, म्हणजे दोहोंच्या बेरजेच्या कितीतरी पुढे. कारण सरळ आहे : अल्ट्रासाउंडने थरात पाणथळ वाटा तयार होतात, त्वचेचा विद्युतरोध घटतो आणि तेवढाच प्रवाह कमी व्होल्टला वाहतो. मित्रगोत्री मुंबईच्या यूडीसीटी या रसायन-तंत्रज्ञान संस्थेत (आताची माटुंग्याची आयसीटी) शिकलेले रासायनिक अभियंते. 20 किलोहर्ट्झच्या अल्ट्रासाउंडने प्रथिने त्वचेपार नेता येतात हे त्यांनी 1995 मध्येच अमेरिकेतल्या एमआयटीत दाखवले होते.

सूक्ष्मसुया आणि आयंटोफोरेसिस ही जोडीही बरीच अभ्यासली गेली आहे. सुयांनी पाडलेली छिद्रे उघड्या हवेत लवकर मिटतात, झाकून ठेवली तर जास्त वेळ टिकतात. त्यामुळे प्रवाह कधी सुरू करायचा हे महत्त्वाचे. लहान भारित रेणूंना मात्र एकटा प्रवाहही बऱ्याचदा पुरतो, तिथे छिद्रांचा खटाटोप फारसा फळत नाही.

प्रयोगशाळेतल्या आकड्यांच्या मानाने बाजारात या जोड्या फार दिसत नाहीत. दोन यंत्रणा एकाच उपकरणात बसवल्या की किंमत, वजन आणि सुरक्षिततेच्या चाचण्या सगळेच वाढते. एकट्या तंत्रालाही हे जड गेले आहे : अर्धशिशीसाठी आयंटोफोरेसिसने सुमाट्रिप्टान देणारी झेक्युइटी ही विजेरीवर चालणारी पट्टी अमेरिकेत 2013 मध्ये मंजूर झाली, पण त्वचा भाजल्याच्या आणि व्रण राहिल्याच्या तक्रारींनंतर 2016 मध्ये तिची विक्री थांबवली गेली.