रक्तातील मेदाम्ले आणि वय

तेल, तूप आणि चरबी ज्या रेणूंपासून बनते त्यांना मेदाम्ले म्हणतात. रक्तात त्यांतली बहुतेक ट्रायग्लिसराइड (शरीरात साठणारी चरबी), फॉस्फोलिपिड (पेशींच्या आवरणातली चरबी) किंवा कोलेस्टेरॉलला जोडलेली असतात. अगदी थोडी अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतात. ती मुक्त मेदाम्ले. वयाचा परिणाम या प्रत्येकावर निराळा होतो, म्हणून ‘वय वाढले की रक्तातली चरबी वाढते’ हे सरसकट विधान फसवे आहे.

उपाशीपोटी चरबीच्या पेशी मुक्त मेदाम्ले रक्तात सोडतात आणि जेवणानंतर इन्सुलिन त्यांना आवर घालते. उतारवयात पोट सुटते, स्नायू झडतात आणि हा आवर सैल पडतो. मात्र यात वयाचा वाटा किती आणि सुटलेल्या पोटाचा किती, हे वेगळे काढणे अवघड असते.

ट्रायग्लिसराइड पुरुषांत साधारण चाळिशी-पन्नाशीपर्यंत चढते आणि मग हळूहळू उतरते. स्त्रियांत ते रजोनिवृत्तीनंतर वाढत जाते. तुपकट जेवणानंतर तीन-चार तासांनी काढलेले रक्त नळीत स्थिरावू दिले, तर वरचा द्रव दुधाळ दिसतो. तरुणाच्या रक्तातला हा दुधाळपणा लवकर निवळतो, वृद्धाच्या रक्तात रेंगाळतो.

सर्वांत लक्षवेधी आहे माशांच्या तेलातले डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल. अनेक पाहण्यांत ते वयस्कांच्या रक्तात तरुणांपेक्षा जास्त आढळते. त्यांच्या ताटात मासे जास्त असतात हे एक कारण. पण सारखेच पूरक तेल दिले तरी वयस्कांच्या रक्तातली पातळी अधिक चढल्याचे दिसले आहे. म्हणजे शरीर ते वापरते कसे, हेही बदलत असावे. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे त्यांच्या आवरणातले डीएचए कालच्या जेवणाची नव्हे, गेल्या काही महिन्यांच्या आहाराची साक्ष देते.

आपल्याकडे बांगडा-तारली खाणारे आणि शाकाहारी यांच्यातला फरक वयाच्या फरकाहून मोठा ठरू शकतो. जवसाच्या चटणीत ओमेगा-३ भरपूर असते, पण शरीर त्यातून डीएचए फार थोडे बनवते; तरुण स्त्रिया इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे त्यात पुरुषांपेक्षा सरस असतात. याउलट पारंपरिक करडई तेलात सुमारे तीन-चतुर्थांश लिनोलिक आम्ल, म्हणजे ओमेगा-६ या वेगळ्या गटातले मेदाम्ल असते.

नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये यांतले एकही मेदाम्ल स्वतंत्रपणे मोजले जात नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी प्रयोगशाळेतली पद्धत, लागते.