एसएटी, एसीटी, एपी या परीक्षा आल्या तरी कुठून?

अमेरिकेत मूल अकरावीत गेलं की घरोघरी सुरू होतं, एसएटी द्यायची का एसीटी, एपी किती घ्यायचे, पीएसएटी कशाला. एसएटी आणि एसीटी या कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षा, पीएसएटी हा एसएटीचा सराव, आणि एपी म्हणजे शाळेतच घेतलेले कॉलेजच्या पातळीचे कोर्सेस आणि त्यांच्या परीक्षा. आपल्या मराठी घरांत जरा जास्तच, कारण आईबाबा इथून सीईटी नाहीतर जेईई बघून गेलेले, मार्क आले की मेरिट लिस्ट आणि लिस्टवरून सीट हे डोक्यात पक्कं बसलेलं. तिकडे प्रत्येक परीक्षा वेगळ्या काळात वेगळ्या कामासाठी निघाली, आणि ते काम कळलं की स्कोअरकडे कसं बघायचं तेही कळतं, म्हणून हे जरा मागे जाऊन लिहितेय.

१९०० च्या आधी तिथे ज्या त्या कॉलेजची आपली आपली प्रवेश परीक्षा असायची, ग्रीक आणि लॅटिनचा भरणा, एकाला हे पुस्तक पाहिजे, दुसऱ्याला ते, शाळांनी शिकवायचं तरी काय. म्हणून १९०० मध्ये सगळ्या कॉलेजांसाठी एकच परीक्षा घेणारी संस्था, कॉलेज बोर्ड, स्थापन झाली आणि जून १९०१ मध्ये पहिली सामायिक परीक्षा झाली, ९७३ मुलं बसली. सगळी लेखी, मोठी उत्तरं, पेपर तपासायला माणसं न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जमली. पण हे मुख्यतः ईशान्येकडच्या खासगी शाळांच्या मुलांचं जग होतं.

पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने लाखो जवानांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घेतल्या, त्या कामात प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम होते, आणि १९२३ मध्ये त्यांनी त्या आकड्यांवरून चक्क लिहिलं की उत्तर युरोपातून आलेले लोक जास्त हुशार आणि बाकीचे कमी. याच माणसाने सैन्याची चाचणी कॉलेजसाठी बदलून एसएटी, म्हणजे स्कोलॅस्टिक अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट, तयार केली. २३ जून १९२६ ला ती पहिल्यांदा झाली, सुमारे ८ हजार मुलं, ९७ मिनिटं आणि ३१५ प्रश्न. बरं, १९३० मध्ये ब्रिगमनी स्वतःच छापून कबूल केलं की वंशांच्या तुलनेचे आपले निष्कर्ष निराधार होते, ज्यांना इंग्रजी नीट येत नाही किंवा ज्यांचं बालपण वेगळ्या वातावरणात गेलं त्यांची अशी तुलना होऊच शकत नाही. हे प्रत्येक मुलाला आणि पालकाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण आजही कमी स्कोअर आला की मूल स्वतःला मठ्ठ समजायला लागतं, आणि ज्याने परीक्षा बनवली त्यानेच स्कोअरवर भाषेचा आणि वातावरणाचा परिणाम होतो हे तेव्हाच मान्य करून ठेवलंय.

तरी परीक्षा वाढली. हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कॉनंट यांना श्रीमंत शाळांच्या बाहेरची हुशार मुलं स्कॉलरशिप देऊन आणायची होती, त्यांनी १९३४ पासून एसएटी वापरायला घेतली. दुसरं महायुद्ध आलं आणि १९४२ मध्ये जुन्या लेखी परीक्षा बंदच झाल्या, राहिली एसएटी. १९४७ मध्ये ती घ्यायला ईटीएस ही वेगळी संस्था निघाली. तिकडे ब्रुकलिनमध्ये स्टॅनली कॅप्लन यांनी १९४६ पासून एसएटीची शिकवणी सुरू केली. बोर्डाचं म्हणणं होतं की अशा शिकवणीने काही फरक पडत नाही, पण क्लासेस वाढतच गेले, आणि नव्वदच्या दशकात बोर्डाने नावातलं ‘अ‍ॅप्टिट्यूड’ (म्हणजे अंगची कुवत) काढूनच टाकलं.

एसीटी १९५९ ची, आयोवातल्या ई. एफ. लिंडक्विस्ट यांची. त्यांचा विचार असा की जन्मजात कुवत वगैरे मोजण्यापेक्षा शाळेत काय शिकलात ते बघा, म्हणून त्यात सायन्सचा वेगळा भाग, २०२५ पासून तो ऐच्छिक झालाय. आता दोन्ही परीक्षा इतक्या जवळ आल्यात की बहुतेक कॉलेजं कुठलीही चालवून घेतात, प्रॅक्टिस टेस्टमध्ये जी जमते ती द्यावी. पीएसएटीही १९५९ चीच, सराव आणि नंतर नॅशनल मेरिट स्कॉलरशिपसाठी.

एपी मात्र अगदी वेगळी. १९५० च्या दशकात काळजी ही होती की चांगल्या शाळांतली मुलं कॉलेजच्या पहिल्या वर्षी तेच तेच परत शिकतात, मग फोर्ड फाउंडेशनच्या पैशाने प्रयोग झाले आणि १९५६ मध्ये पहिल्या परीक्षा. म्हणजे एपीचं मूळ काम क्रेडिट (डिग्रीसाठी मोजला जाणारा अभ्यास) देणं किंवा वरच्या वर्गात बसवणं, १ ते ५ स्कोअर त्यासाठी. कुठे ३ वर क्रेडिट मिळतं, कुठे ५ वरही नाही, तेव्हा दहा एपी घ्यायच्या आधी ज्या त्या कॉलेजचा नियम वाचा.

आणि ज्याबद्दल कोणीच बोलत नाही ती प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी चाचणी, कम्युनिटी कॉलेजमधली (दोन वर्षांची स्थानिक सरकारी कॉलेजं) अ‍ॅक्युप्लेसर वगैरे. तिथे प्रवेश सगळ्यांनाच मिळतो, त्यामुळे मुलं ती तयारी न करताच देतात, आणि कमी पडलं की रिमीडियल वर्ग, म्हणजे शाळेचंच राहिलेलं शिकायचे वर्ग, फी भरायची पण डिग्रीसाठी क्रेडिट शून्य. अभ्यासांतून दिसलं की कितीतरी मुलं उगाचच खालच्या वर्गात बसवली जात होती. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदाच केला की वर्ग ठरवताना शाळेतले मार्क बघा. एसीटी घेणाऱ्या संस्थेने आपली अशी चाचणी २०१६ मध्ये बंद केली.

२०२० मध्ये कोविडमुळे सेंटर बंद पडली आणि बहुतेक कॉलेजांनी स्कोअरची सक्ती उठवली. २०२१ मध्ये बोर्डाने एसएटीच्या एकेका विषयाच्या वेगळ्या सब्जेक्ट टेस्ट बंद केल्या, २०२४ पासून अमेरिकेत एसएटी पूर्ण डिजिटल, सव्वादोन तासांच्या आत संपते. एमआयटीने २०२२ मध्ये सक्ती परत आणली, त्यांचं म्हणणं की ज्या मुलांच्या शाळेत वरचे कोर्सेस नसतात त्यांची तयारी स्कोअरमधूनच दिसते, आणि २०२४ मध्ये डार्टमथ, येल, हार्वर्डही परतले. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया मात्र परतलेली नाही, तिथे प्रवेश किंवा स्कॉलरशिप ठरवताना स्कोअर बघत नाहीत, पाठवला असेल तर प्रवेश झाल्यावर कुठल्या वर्गात बसवायचं त्यासाठी तो वापरता येतो.