गॅस आला, पण बाळाचं वजन?

महामार्गावर ‘चुलीवरचं मटण’ अशी पाटी दिसली की गाड्या वळतात. पोटुशी असताना रोज दोन्ही वेळा फुंकणी घेऊन चुलीपुढे बसणाऱ्या बाईला त्या धुराचं फारसं कौतुक नसतं.

सरपण आणि गोवऱ्या अर्धवट जळतात, तेव्हा कार्बन मोनॉक्साइड सुटतो. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. साहजिकच गर्भापर्यंत ऑक्सिजन कमी पोचतो. सोबत केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्शाहूनही बारीक कण असतात, ‘पीएम २.५’. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. धुराच्या घरांत अडीच किलोपेक्षा कमी वजनाची बाळं जास्त जन्मतात, असं अनेक पाहण्यांत दिसलं. पण अशा घरांत ताटही बहुधा अपुरंच असतं. मग दोष धुराचा किती आणि भुकेचा किती?

हा गुंता सोडवायला ‘हॅपिन’ नावाचा मोठा प्रयोग झाला. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या ३२०० गरोदर बायका त्यात होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून निम्म्या जणींना गॅसची शेगडी आणि सिलिंडर फुकट दिले. त्यांनी चूल जवळजवळ सोडलीच. त्यांच्या श्वासातल्या हवेत कणांचं प्रमाण घनमीटरला २४ मायक्रोग्रॅम भरलं, चूलवालींच्या हवेत ७१.

२०२२मध्ये निकाल आला. बाळांचं सरासरी वजन गॅसच्या घरात २९२१ ग्रॅम, चुलीच्या घरात २८९८. एवढा फरक योगायोगानंही पडतो. पुढे वर्षाच्या बाळांची खुंटलेली उंची आणि गंभीर न्यूमोनिया पाहिला, तिथेही गॅसचा फायदा दिसला नाही.

म्हणून धूर निर्दोष ठरत नाही. प्रयोगात नाव आलं तेव्हाच गरोदरपणाचे नऊ ते वीस आठवडे उलटले होते, शेगडी त्यानंतर आली आणि गर्भाला पोसणारी वार (प्लॅसेंटा) तर सुरुवातीलाच घडू लागते. शिवाय २४ हा आकडाही जागतिक आरोग्य संघटनेच्या ५ या वार्षिक मर्यादेच्या जवळपास पाचपट आहे. मला वाटतं, शेगडीकडून आपण जरा जास्तच मागत होतो. आईच्या ताटातली उणीव ती कुठून भरून काढणार? डोळ्यांची आग थांबली, मोळीसाठीची पायपीट वाचली, हेही थोडं नाही.

आणि एका घरात गॅस आला, तरी शेजारची चूल पेटतेच. तो धूर कुंपणापाशी थांबत नाही.