खाणीत घडले म्हणून थोर प्रशिक्षक झाले?

“मॅट बझ्बी, बिल शँकली, जॉक स्टीन, ॲलेक्स फर्ग्युसन, चौघेही स्कॉटलंडच्या कोळसाखाणींतले, म्हणूनच एवढे मोठे प्रशिक्षक झाले.” फुटबॉलप्रेमींमध्ये हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. पण हे अर्धंच खरं आहे.

फर्ग्युसन मुळात खाणवस्तीतले नाहीतच. ते ग्लासगोच्या गोव्हन भागातले, वडील जहाजबांधणीच्या कारखान्यात. शँकली ग्लेनबक या खाणगावचे खरे, पण खाणीत ते जेमतेम दोनेक वर्षं होते, त्यातही काही काळ वरच, कोळशातले दगड निवडायला. खाण बंद पडली, काम गेलं आणि १९३२ मध्ये ते कार्लाइल युनायटेड या इंग्लिश क्लबकडे खेळाडू म्हणून गेले.

मुरलेले खाणकामगार म्हणजे स्टीन. अल्बियन रोव्हर्स या स्कॉटिश क्लबकडून खेळतानाही ते आठवडाभर जमिनीखाली राबत. शेजारच्याच्या हातात आपला जीव असतो, ही जाण तिथलीच, आणि ती मी अजिबात कमी लेखत नाही. पण डावपेच खाणीत शिकायला मिळत नाहीत. १९६३ मध्ये स्टीन इटलीला जाऊन इंटर मिलान क्लबचे प्रशिक्षक हेलेनियो हेरेरा यांची कामाची पद्धत जवळून पाहून आले. १९६७ मध्ये लिस्बनला त्यांच्या सेल्टिक क्लबने त्याच इंटरला २-१ हरवून युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचं अजिंक्यपद, जिंकला! बझ्बींनाही प्रशिक्षणाचा अनुभव मिळाला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, सैन्यातल्या शारीरिक शिक्षण विभागात.

आणि त्याच खाणींत पिढ्यान्‌पिढ्या खपलेली हजारो पोरं? त्यांतली बहुतेक आयुष्यभर कोळसाच काढत राहिली.